टॉवेलच्या कोपऱ्यातली लाल फुली

१६ जानेवारी, गुरुवार
उत्तरायणला दोन दिवस गच्चीवर पतंग. मग ताप, ओठावर फोड. म्हटलं फुल बॉडी चेकअप करून घेऊ. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, एक टेस्ट जादा टाकू का, आज डिस्काउंट आहे. डिस्काउंट म्हटल्यावर टाकली.
शुगर नॉर्मल. कोलेस्टेरॉल नॉर्मल. शेवटच्या पानावर हर्पीस, आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे म्हणे ताजी लागण.
नेटवर वाचलं. हा रोग संबंधातून येतो. मी धुतल्या तांदळासारखा. मग उरलं कोण? हर्षदा. बारा वर्षं संसार केला आणि हे फळ!
मी पूर्ण शांत आहे. ठराव: तिला काहीही विचारायचं नाही. आधी पुरावा.

१७ जानेवारी
पलसाण्याला आमच्या डाइंग मिलमध्ये कापडाची पार्टी भांडायला आली. म्हणे मरून शेड मॅच नाही. मी कलर मास्टर, बावीस वर्षांचा अनुभव. सुनावलं, ट्यूबलाइटमध्ये कापड एक दिसतं, उन्हात दुसरं. एका उजेडात बघून निकाल देऊ नका. पार्टी कापड उचलून उन्हात गेली.
घरी आलो. हर्षदाकडे एकदाच पाहिलं आणि सगळं कळलं.
कापडाच्या थानावर खुणा करायचा मार्कर मिलमधून आणला. आमचे दोन पिवळे टॉवेल एकसारखे. तिच्या टॉवेलच्या कोपऱ्यात लाल फुली मारली. इन्फेक्शन नको. तिने विचारलं, हे काय? म्हटलं, लॉट नंबर.

१९ जानेवारी, रविवार
वरच्या मजल्यावरचे योगेंद्रभाई खमण घेऊन आले. 'केम छो मास्टर' म्हणाले. हर्षदा हसली. खमणावर एवढं कोणी हसत नाही. दिवाळीत योगेंद्रभाईंच्याही ओठावर फोड होता, मला पक्कं आठवतं. बहुतेक ओठावरच होता.
खमण खाल्लं नाही. (दोनच तुकडे.)

२१ जानेवारी
दुसरी लॅब. आयजीएम निगेटिव्ह! आयजीजी नावाची दुसरी टेस्ट: टाइप वन पॉझिटिव्ह, टाइप टू निगेटिव्ह. म्हणजे पहिल्या लॅबने फसवलं, की दुसरीने? आता रक्तावरही भरवसा नाही.

२४ जानेवारी
मिलमध्ये शेडवर वाद झाला की तिघांना दाखवायचं, दोघं म्हणतील ते खरं. म्हणून तिसरी लॅब. टाइप टू बॉर्डरलाइन!
तिघांनी तीन शेड सांगितल्या. चौथा उपाय: तिचंच रक्त.

२६ जानेवारी
हर्षदाला सांगितलं, व्हिटॅमिन डीची टेस्ट करून घेऊ. ती दारातच थांबली. म्हणाली, बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तब्येतीची आठवण झाली. नवीन ड्रेस घातला. येताना उसाचा रस पाजला मला, स्वतःच्या पैशांनी. शेजारच्या खुर्चीवर बसून 'तुमले काय जयं, इतलं चांगलं वागतस?' म्हणून हसत होती.
रस कडू लागला. पण पुरावा म्हणजे पुरावा.

२८ जानेवारी
हर्षदाचा रिपोर्ट. टाइप वन निगेटिव्ह. टाइप टू निगेटिव्ह.
मशीन बिघडलं असणार.

२९ जानेवारी
डॉक्टर दीप्तीबेनकडे चारही रिपोर्ट पसरले. त्या म्हणाल्या, आयजीएमवर विसंबूच नका, खोटा पॉझिटिव्ह येतो. संबंधातून येतो तो मुख्यतः टाइप टू, त्याची बॉर्डरलाइनही बरेचदा खोटी निघते, पुन्हा नीट तपासावी लागते. टाइप वन, ओठावरचा, निम्म्या गावाला असतो, बहुतेकांना लहानपणीच, मोठ्यांच्या लाळेतून. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, भाई, आधी डॉक्टरला विचारायचं, मग रक्त द्यायचं.
अमळनेरला आईला फोन केला. ओठावरचा फोड सांगितला. म्हणाली, 'तुले तं न्हानपनपाइन येतस.' वर हेही म्हणाली, की दात नव्हते तेव्हा मीच भाकर चावून तुझ्या तोंडात घालायचे.
आई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.
ठराव: हर्षदाला यातलं काही कळू द्यायचं नाही. प्रकरण मिटलं. मी मोठ्या मनाने तिला माफ केलं.

३० जानेवारी
रक्त देताना हर्षदाने त्या पहिल्याच लॅबच्या काउंटरवर स्वतःचाच नंबर दिला होता. रिपोर्ट तिच्याही व्हॉट्सॲपवर आला. व्हिटॅमिन डी शोधत राहिली, सापडेना, म्हणून काउंटरवरच्या त्या बाईंना फोन करून विचारलं. त्यांनी हर्पीसचं सांगितलं, माझ्या पॉझिटिव्हचंही.
रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'माले इचारी लेतात.' विचारून कुठे पुरावा मिळतो?
बाथरूममध्ये गेली, बाहेर आली. मला वाटलं निभावलं. दोन दिवसांत रुळावर येईल. बायकांचं असंच असतं.

३१ जानेवारी
सकाळी माझ्या खुंटीवर फुलीवाला टॉवेल. तिच्या खुंटीवर स्वच्छ.
म्हटलं, अदलाबदल झालीय चुकून. ती म्हणाली, रिपोर्ट बघा, लॉट बरोबर आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
हर्षदा अजून बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते.
फुली काढायचं ठरवलं. उकळतं पाणी, सोडा, शेवटी ब्लीच. मिलमधल्या सगळ्या युक्त्या वापरल्या.
टॉवेलचा पिवळा रंग पार गेला. फुली होती तशीच आहे.