बांधावरचा पाय

पुणे

बा,
फुलसावंगीच्या आपल्या तांड्यावर सगळ्याइले रामरामी.

कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनच्या पट्ट्यात माझा उजवा पाय गेला, तेव्हा तू तो दवाखान्यातून मागून घेतला अन् आपल्या बांधावर पुरला. "आपलं अंग परक्या जागी टाकत नाही," म्हणे तू. तरी जो पाय नाही, तोच रोज ठणकायचा.

इथं मी बसून खोके भरतो. सुटीच्या दिवशी अपंगांच्या केंद्रात उर्वशीताई खुर्चीत बसूनच चिगाँग शिकवते. चिनी व्यायाम आहे. हात हळू फिरवायचे, श्वास हळू सोडायचा. बा, ठणका गेला. कंबर मोकळी झाली, झोपही लागते.

पण ताई म्हणते, "दोन्ही तळवे जमिनीवर टेकले असं मनात आणा." पहिल्यांदा नसलेल्या उजव्याले आपल्या बांधावरची ओली काळी माती लागली. केंद्रातल्या राजदीपले सांगतलं, तर तो चाकाच्या खुर्चीतून हसला, "तू तं दोन गावी राह्यतं लेका. राशनही दोन्हीकडं घे."

मग माती गेली अन् मुरूम टोचला. पुढच्या खेपेले तापलेलं डांबर. काल थंड, गुळगुळीत फरशी लागली. डाव्या पायाखाली केंद्रातली होती, तशीच.

पाय पुरला तिथं मोठा दगड ठेव, म्हणजे तो उठणार नाही, हे सांगाले मी लिहाले बसलतो. पण आता तसं सांगत नाही. दगड नको ठेवू. लय दुरून चालत आला तो, येऊ दे त्याले.

तुझा
जीवन