बिल्ला मळू नये म्हणून

१२ मार्च, रविवार दुपार

चि. चिमण्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे मजेत. नळ अजून गळतोय आणि तुझे भावोजी अजून "उद्या बघतो" म्हणतायत. भाचीचे पुढचे दोन्ही दात पडले, त्यामुळे ती बोलली की शिटी वाजते, आणि बोलायची तर ती थांबत नाही.

तू लिहिलंस की आमच्या बुटांच्या कारखान्यातल्या सोल चिकटवायच्या खात्यातली हवा एकदम चांगली निघाली आणि गुरुवारी तसा अहवाल देणार आहेस. त्याबद्दल लिहितेच, पण आधी दुसरंच काहीतरी आठवतंय.

आई कामावरून आली की तू तिच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसायचास. सोल चिकटवायच्या सोल्युशनचा तो गोडसर वास. बाकीच्यांच्या आयांना कांद्याचा वास यायचा, आपल्या आईला नव्या बुटांचा, आणि आपल्याला त्याची कोण ऐट. धुवायला टाकलेला ॲप्रन तू गुपचूप काढून उशाशी घ्यायचास. मला आजही सोल्युशनचा डबा उघडला की आधी आई आठवते, मग काम.

आणि जिन्यावरची ती गंमत. तिची चप्पल पायातून सुटायची आणि तिला पत्ताच नसायचा, ती तशीच वर जायची. तू मागून ओरडायचास, "आई, चप्पल राहिली!" आणि धावत नेऊन द्यायचास. आपण पोट धरून हसायचो. तीही हसायची, म्हणायची, माझे पायच माझं ऐकत नाहीत, तुम्ही काय ऐकणार. पुढे ती भिंत धरून चालायला लागली तेव्हा आपलं हसू गेलं. सोल्युशनच्या वाफेनं पायातल्या नसा जातात, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तू कारखान्यांतली हवा तपासायचं हेच काम का धरलंस, ते मला न सांगता कळतं.

म्हणून तर तू बिल्ले घेऊन आलास तेव्हा सगळ्या बाया हरखल्या. आईच्या शेजारी बसून काम केलेली मोठी काकू तर डोळे पुसत होती. तू प्रत्येकीच्या कॉलरला बिल्ला लावलास आणि समजावलंस, हा दिवसभर नाकाजवळची वाफ शोषून घेतो, मग प्रयोगशाळेत कळतं तुमच्या छातीत किती गेली. आणि म्हणालास, नीट जपा. तिथेच घोळ झाला बघ.

तुझी पाठ वळली आणि काकूनं फर्मान काढलं, "आपल्या पोराची वस्तू आहे. एक शिंतोडा उडालेला चालणार नाही." लेस येतात त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तिनं वाटल्या. ब्रश हातात घेतला की बिल्ल्यावर पिशवी, वर घट्ट गाठ. चहाला बाहेर गेलो की पिशवी काढायची. संध्याकाळी तू म्हणालास, किती स्वच्छ ठेवलेत, तेव्हा आम्ही सगळ्या फुशारलो. मीसुद्धा. तुझ्या प्रयोगशाळेनं मोजली ती आमच्या चहाच्या सुट्टीची हवा आहे, चिमण्या.

तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल काकूला सांगितलं. ती म्हणाली, "लिही त्याला. आपली फजिती झाली तर होऊ दे, पण पोराच्या हातून खोटं लिहिलं जायला नको."

आमच्या साहेबांना तुझा अहवाल हवाच आहे. तो आला की वाफ ओढून घेणारा पंखा बसवायची गोष्ट संपली. वेंधळेपणा आमचा आणि बोलणी तू खाणार, हे मला कळतंय, आणि त्याचं फार वाईट वाटतंय. तरी तो अहवाल देऊ नकोस. परत ये, बिल्ले परत लाव, आणि या वेळी दिवसभर आमच्या डोक्यावर उभा राहा.

एक गोष्ट अजून भावोजींनाही सांगितलेली नाही. तुलाही सांगणार नव्हते. मंगळवारी कामावरून आले, जिना चढून घरात शिरले, तर तुझी भाची मागून धापा टाकत आली. हातात माझी चप्पल. तिला फार गंमत वाटली, अजून हसतेय.

आईच्याच जागेवर बसणारी,
तुझी ताई