एकवीस ठिपके

अप्पा, उद्याच्या तुमच्या श्राद्धाची कामं मी तुमच्याच वहीतून यंत्रात उतरवून घेत होते. आजोबांच्या श्राद्धासाठी तुम्ही केलेली ती यादी मोडी लिपीत आहे. घरात आता माझ्याशिवाय ती कुणाला वाचता येत नाही. यंत्र भावानं मद्रासहून आणलं आहे, तळहाताएवढं. काम इंग्रजी अक्षरांत लिहायचं, वेळ झाली की ते वाजतं, झालं की पुसून टाकायचं. पान उलटलं आणि समोर ‘मुलीचा अर्ज’ आलं. यादी तिथेच राहिली.

तुमची रीत सगळ्या पाटबंधारे कचेरीला ठाऊक होती. सकाळी कॉफीबरोबर दिवसाची कामं लिहायची. झालं की बरोबरची खूण. राहिलं तर उद्याच्या पानावर, शेजारी ठिपका. जितके दिवस राहिलं तितके ठिपके. करायची गरजच उरली नाही तर आडवी रेघ. तुमचा शिपाई म्हणायचा, “सारांची वही हरवली तर कावेरी वाट चुकेल.” तुम्ही हसायचात. तुम्ही काही विसरत नव्हतात. विसरला असतात तर मी केव्हाच माफ केलं असतं.

त्या वर्षी माझ्या बी.ए.चा निकाल लागला आहे. एम.ए.साठी मद्रासला पाठवायचा अर्ज घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आई तव्यावर डाळीची अडै उलथते आहे. तुम्ही म्हणता, “दे इकडं मा. वाटेवरच पोस्ट आहे.”

“बेगीन टाका हो, विसराल,” आई म्हणते.

“मी? मी विसरीन?” तुम्ही वही काढून तिच्यासमोर लिहिता.

आठवड्यानं मी विचारलं, “अप्पा, टाकलात?”

“टाकलं की. असके कागद, एकूण एक, पुन्हा बघून टाकलं.” ताटावरून मान वर न करता.

त्या दिवशीच्या पानावर सात ठिपके आहेत. माझ्याशी खोटं बोललात, वहीशी नाही. मुदत संपली त्या पानावर एकवीस ठिपके आणि आडवी रेघ. पट्टी लावून मारलेली.

पुढे महिनाभर मी पोस्टमनची वाट पाहिली. तुम्ही शेजारी ओट्यावर येऊन बसलात. “मद्रासवाले आपल्या गावच्या पोरींना कुठे घेतात मा!” आणि एका सोमवारी तुमच्या वहीसारखीच लांबट वही मला आणून दिलीत. “कामं लिहीत जा. मनाला वळण लागतं.” मी तुमच्या पाया पडले. आज मी पापनाशमच्या शाळेत कारकून आहे. माझं एकही काम दुसऱ्या दिवसावर जात नाही. लोक म्हणतात, बापाचं वळण. मला ते शिवीसारखं लागतं. पाठवायचं नव्हतं तर ‘नाही’ म्हणायचं होतं. मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. तेवढंही तुम्हाला नको होतं. म्हणून रोज सकाळी कॉफी पिता पिता माझं आयुष्य एकेक दिवस पुढे ढकललंत.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. वही तुम्ही लपवत नव्हतात. घरी आलात की ती फडताळात असायची, आणि मोडी तुम्हीच मला शिकवली होती. अर्ज तुमच्याकडे दिल्याच्या बाराव्या दिवशी मी ती उघडली. ठिपके मोजले. मुदतीला अजून नऊ दिवस होते. लिफाफा परत मागायला एक वाक्य पुरलं असतं. मी वही मिटली आणि पाणी भरायला गेले. तुम्हाला खोटं ठरवायची भीती होती की मद्रासला एकटीनं जायची, ते अजून ठरवता आलेलं नाही. मग पोस्टमनची वाट पाहत बसले, तुम्हाला दिसेल अशी.

हे लिहिलेले कागद कुठल्या पोस्टात टाकायचे नाहीत. तुमच्या वहीत ठेवते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटजी तासभर उशिरा आले. श्राद्ध भावानं केलं. मी वाढलं.