मंडळी म्हणजे कोण

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती शरयू केशव हिवराळे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, धर्म ख्रिस्ती, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. भुलवायला तरी घरी कोणी यावे लागते. वकील धर्मेंद्र यांनी कच्चा मसुदा करून दिला होता. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा असा गोंधळ होता की मी तो लाल शाईने तपासून परत केला. कायद्याचे तेवढे शब्द त्यांचे ठेवते आहे, बाकी माझे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

१. मंडळी या शब्दाबद्दल. वादाचा शब्द आधी स्पष्ट करावा लागतो, म्हणून करते. माझे पती दिवंगत केशव हिवराळे हे येथील करुणा चर्चचे पाळक होते. रविवारी उपासनेला जमणाऱ्या सभासदांना आम्ही ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो. हे प्रवचनाला उभे राहिले की पहिला शब्द तोच, ‘मंडळी’. मग चष्मा सारखा करायचे आणि पुढे बोलायचे. पण ह्यांच्या घरची रीत जुनी. बायकोलाही मंडळीच म्हणायचे. ‘आमच्या मंडळींना विचारून सांगतो’ असे हे चारचौघांत म्हणाले की लोकांना वाटे आता पंचांची बैठक बसणार. हे मात्र स्वयंपाकघरात येऊन मला विचारत.

तर ह्यांच्या दोन मंडळी होत्या. थोरली ती चर्चमधली आणि धाकटी मी. आम्हाला मूलबाळ झाले नाही. थोरलीला मात्र बारसे, साखरपुडे, भांडणे, मयती असे सारखे काहीतरी व्हायचे, आणि ताट वाढलेले असताना हे सायकल काढून तिकडे निघत.

आज चर्चच्या पंचांचे म्हणणे असे की हे घर ह्यांनी मंडळीला दिलेले आहे. ते खरे आहे काय, आणि असल्यास कोणत्या मंडळीला, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

२. घराचे वर्णन. समोरची मोठी खोली, मागे दोन खोल्या, न्हाणी, आवारात चिंच. पूर्वेस चर्चचे आवार, पश्चिमेस भैय्याजी चांडक यांचे किराणा दुकान, उत्तरेस गावरस्ता, दक्षिणेस पडीक जागा. हे घर माझे स्वकष्टार्जित आहे. शाळेच्या पगारातून बांधले. ह्यांचा पगार घरापर्यंत पोचतच नसे; वाटेत कोणाचे औषध, कोणाच्या पोराची फी त्याला गाठायची. ही तक्रार नव्हे, मालकीचा पुरावा आहे.

३. जंगम वस्तू. हार्मोनियम चर्चमध्येच आहे, तिथेच राहू द्यावी. तिची एक पट्टी दबूनच राहते ती आधी दुरुस्त करावी. ह्यांची सायकल भैय्याजींच्या दुकानातल्या ऋतिकला द्यावी. शिलाई मशीन मंडळीतल्या प्रमिलाबाईंच्या सुनेला. माझा मोठा पितळी गंज महिला मंडळाने नाताळच्या चहासाठी नेला, त्याला कित्येक नाताळ झाले. तो कोणाच्या घरी आहे हे मला ठाऊक आहे, त्यात धान्य भरून ठेवलेले मी पाहिले आहे. ज्या घरी आहे त्याच घराला तो मी या मृत्युपत्राने देत आहे, म्हणजे यापुढे तरी त्यांना तो माझ्यापासून लपवावा लागणार नाही.

४. ह्यांच्या आजारपणाबद्दल. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. आयुष्यभर बोलून पोट भरलेल्या माणसाची वाचा गेली. राहिला तो एकच शब्द, मंडळी. पाणी हवे तर डाव्या हाताने तांब्या दाखवत, कूस बदलायची तर खाटेच्या कडेवर चापट मारत. तोंडातून शब्द येई तो एवढाच. डॉक्टर म्हणाले, असे होते, सगळ्यात जास्त वापरलेला शब्द कधीकधी मागे राहतो.

मी चुलीशी असले, न्हाणीत असले, बाहेर कपडे वाळत घालत असले की आतून ऐकू यायचे, ‘मंडळी’. मी हातातले टाकून धावत यायची. आणि मी समोर आले की हे गप्प होत. नुसते माझ्याकडे बघत राहत. काय हवे विचारले तर काही नाही. मी परत आत गेले की पुन्हा तेच. मला वाटायचे, ह्यांच्या डोक्यात प्रवचन चालू आहे, समोर बाकांवर लोक बसलेले दिसताहेत, आणि मी मध्येच शिरून ते मोडते. पडल्या जागेवरूनही हे थोरलीशीच बोलतात आणि धाकटी आली की तोंड मिटतात, असे माझ्या मनाने घेतले. फार दुखले ते. कोणाला सांगायचे म्हटले तर हसण्यासारखी गोष्ट, नवऱ्याच्या चर्चवर जळणारी म्हातारी. म्हणून सांगितले नाही.

थोरली मंडळी तेव्हा काय करत होती तेही लिहिते. दर रविवारी ह्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होत होती, मोठ्याने, माइकवरून, आणि आमच्या समोरच्या खोलीत ती स्पष्ट ऐकू येत होती. आवाराला लागून घर असूनही तो आवाज घेऊन माणूस मात्र येत नसे. नाताळात गाणी म्हणत फिरणारी मंडळी आमच्या दारावरून गाणे थांबवून गेली. आजारी माणसाला त्रास नको म्हणून. ह्यांनी त्या गाण्यासाठी मान उचलून ठेवली होती.

५. बंडूजी इंगोले यांच्याबद्दल. हे गृहस्थ मंडळीत नाहीत. पूर्वी होते. मुलीने, माधवीने, हिंदू मुलाशी लग्न केले आणि बंडूजींनी मांडवात उभे राहून तिला आशीर्वाद दिला म्हणून पंचांनी त्यांचे नाव काढले. त्या ठरावावर पाळक म्हणून सही माझ्या नवऱ्याची आहे. तेव्हापासून बंडूजी बाजारात भेटले की ह्यांच्याशी भांडत, आणि हेही भांडत.

हे आजारी पडल्यावर येऊन बसणारा माणूस हा. खुर्ची ओढून भांडायलाच बसले. ‘बोल नं आता केशवराव, काऊन चूप बसला? माह्या पोरीनं कोनतं पाप केलं थे सांग.’ हे काय सांगणार. बंडूजी रोज जिंकत. मग जिंकण्याचा त्यांना कंटाळा आला असावा, कारण पुढे पुढे ते दोन्ही बाजूंनी भांडू लागले. आधी स्वतःचे म्हणत, मग ‘याच्यावर तू असं म्हनशील’ म्हणून ह्यांचेही म्हणत, आणि ह्यांची बाजू ते इतकी चोख मांडत की हे डावा हात खाटेवर आपटून हसत. मी दारात उभी राहून ऐकायची. ह्यांच्या शेवटच्या दिवशीही ते तिथेच होते.

६. मंडळीच्या पुढील वाटचालीबद्दल. यंदा उन्हाळ्यात पंचांनी ठरवले की चर्चचे प्राधान्यक्रम तपासायचे. नागपूरहून आचल नावाची मुलगी आली, हुशार, गोड बोलणारी. तिने टेबलावर वाट्या मांडल्या आणि प्रत्येक वाटीवर चिठ्ठी लावली : तरुण, इमारत, संगीत, समाजसेवा, घरोघरच्या भेटी. प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले आणि आपल्याला जे महत्त्वाचे वाटते त्या वाटीत टाका म्हणाली. चिंचोके माझ्याच झाडाचे होते. मी माझे सगळे ‘भेटी’त टाकले. शेवटी वाट्या उपड्या केल्या तेव्हा भेटीच्या वाटीत मला दिले होते तेवढेच निघाले. आचल म्हणाली, हा विषय आपण सध्या बाजूला ठेवू. तिचे काही चुकले नाही. तिने फक्त वाटी उपडी केली.

मग निकेश सोनटक्के उभा राहिला. हा चर्चचा सचिव, माझा विद्यार्थी. त्याने फळ्यावर पुढील वाटचाल लिहिली. इथे माणसे कमी, इमारत जुनी, तेव्हा आर्वीच्या मंडळीत सामील व्हायचे आणि हायवेजवळची ही जागा विकायची. त्याचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. तरुण पोरे पुण्याला गेली, छत गळते, मलाही दिसते. प्रमिलाबाईंना मात्र दिसत नाही, त्यांची दृष्टी गेली आहे, सगळी गाणी पाठ म्हणतात. त्यांनी विचारले, ‘मंग मी रविवारी कुठं जाऊ? मले बशीत चढता येत नाई.’ निकेश म्हणाला, ‘मावशी, तुमच्यासाठी ऑनलाइन उपासना ठेवू.’ प्रमिलाबाई म्हणाल्या, ‘थे कोनाच्या घरी?’

कोणीतरी हसले. निकेश पुन्हा फळ्याकडे वळला आणि त्याने लिहिले : टप्पा दोन, पाळकीणबाईंचे घर. मी पहिल्या बाकावर बसले होते. मी म्हटले, ‘निकेश, मी अजून आहे रे.’

तो शरमला. पण म्हणाला, ‘बाई, तसं नाई. साहेबांचीच इच्छा होती नं. शेवटपर्यंत मंडळी मंडळीच म्हनत गेले. सगळ्याईले माहीत हाये.’ आणि बाकांवरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांनी ते आमच्या खाटेपाशी कधी ऐकले नव्हते त्यांनीही हलवल्या.

घरी आले आणि त्या रिकाम्या खाटेवर बसून रडले. घरासाठी नाही. मलाही वाटत होते की निकेश म्हणतो ते खरेच आहे. शेवटचा शब्दही थोरलीचाच, माझ्या वाट्याला काही नाही.

७. बंडूजींची साक्ष. चर्चमध्ये सभासद उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतात, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. नाव काढल्यापासून बंडूजींना ती देता आलेली नाही. म्हणून इथे घेते. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी फळ्यावरची सगळी हकीकत सांगितली, आणि घर मंडळीला द्यायचे खरोखर ह्यांच्या मनात होते का, असे विचारले. ते म्हणाले :

‘बाई, तुम्ही शिकलेल्या आन् तुमाले समजलं नाई? तुम्ही आत गेल्या का थो दाराकडं पाहे आन् म्हने, मंडळी. तुम्ही आल्या का चूप. मी समोर बसून राहो, मले एकडाव म्हनलं नाई. थो तुमाले बोलवे.’

मी म्हटले, मग मी आल्यावर का बोलत नव्हते.

‘ज्याले बोलावलं थे मानूस आल्यावर कोनी बोलावत राह्यते का, बाई?’

हे मी जसे ऐकले तसे लिहिले आहे. शुद्धलेखन तपासलेले नाही.

८. घराची व्यवस्था. त्यावरून असे सिद्ध होते की हे घर ह्यांनी चर्चला दिलेले नाही. ते ह्यांचे नव्हते, आणि ह्यांच्या तोंडचा तो शब्द चर्चसाठी नव्हता. तो माझा होता. तो मिळाल्यावर माझे थोरलीशी भांडण उरले नाही. दुःख उरले आहे, पण ते भांडणाहून वेगळे. म्हणून हे घर आता मी माझ्या खुशीने करुणा चर्चच्या मंडळीला देते, पुढील अटींवर. समोरची मोठी खोली रविवारच्या मराठी उपासनेसाठी उघडी राहील. किल्ली प्रमिलाबाईंकडे राहील आणि त्यांच्यानंतर त्या सांगतील त्याच्याकडे. घर विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. ज्याचे नाव कधी काढले गेले असेल त्यालाही तिथे बसता येईल. प्रमिलाबाईंनी विचारले होते, कोणाच्या घरी. माझ्या घरी.

सलग वर्षभर त्या खोलीत रविवारी कोणीच आले नाही, तर मंडळी संपली असे समजावे, आणि मग घराचे काय ते निकेशने ठरवावे. फळा त्याच्याकडे आहे.

९. बंडूजी इंगोले यांना मी काहीही देत नाही. आमच्या कायद्याप्रमाणे साक्षीदाराला काही दिले तर ते देणे रद्द होते, आणि मला ते साक्षीदार म्हणून हवे आहेत. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून वकील धर्मेंद्र यांना नेमते.

१०. दफन. मला ह्यांच्या शेजारी ठेवावे, डाव्या हाताला. तो हात शेवटपर्यंत चालत होता. गाणी प्रमिलाबाईंनी सांगावीत. प्रवचन लहान असावे. जो कोणी पाळक येईल त्याने सुरुवात बंधुभगिनींनो अशी करावी, मित्रांनो म्हणावे, काहीही म्हणावे, पण त्या जागी ‘मंडळी’ अशी हाक मारू नये. ती हाक आली की मी हातातले टाकून धावत असे, आणि त्या दिवशी मला उठता येणार नाही.

वर लिहिलेले मी दोनदा वाचले आहे, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही केली आहे.

सही : शरयू केशव हिवराळे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर स्वतः सही केली :

१. बंडूजी इंगोले, राहणार तळेगाव (श्यामजी पंत)

२. भैय्याजी चांडक, किराणा व्यापारी, राहणार तळेगाव (श्यामजी पंत)

स्थळ : तळेगाव (श्यामजी पंत), समोरची खोली
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५, सोमवार