सातवी नस आणि न फुटलेली सुपारी

तळेगाव (श्यामजी पंत)
ता. १८ डिसेंबर १९८३

तीर्थरूप बाबारावभाऊले धाकट्या देवकाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे, अन् जिनिंगमधल्या कापसानं तुमाले जो खोकला लागलता तो गेला की नाई, ते कळवजा. इकडं आमी सारे बरे आहोत. हे मी रिवाज म्हणून लिहत नाई, खरंच बरे आहोत, कारण तीन आठवड्याआधी मी पुन्हा कधी पत्र लिहीन असं मलेच वाटत नव्हतं.

तुमी रागावून बसले असाल. हिंगणघाटचं एवढं चांगलं स्थळ तुमी आणलं, पोराचे मायबाप नत्थूजी अन् आनंदाबाई आमच्या कोकिळाले पाहाले आले, पोहे खाल्ले, अन् सुपारी न फोडताच उठून गेले. आनंदाबाई साऱ्या मोहल्ल्याले सांगून राह्यल्या म्हणे, का पोरीच्या मायनं माह्या नवऱ्याले डोळा मारला. भाऊ, मारला. एकदा नाई, कोणी मोजला असता तं वीसेकदा भरला असता. पण तो मी नाई मारला, माह्या सातव्या नसेनं मारला. ते कसं, ते नीट बसून वाचजा (वहिनीलेही वाचून दाखवजा, त्या हसल्या तं हसू देजा).

त्या दिवशी मी पाहाटंपासून चुलीपाशी होती. चूळ भरली तं पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सांडलं, मले वाटलं दाढेचं काही असन. आरसा पाहाले सवड कोणाले होती? पाहुणे आले. आपल्याकडची रीत तुमाले मालूमच आहे, होणाऱ्या व्याह्यासमोर जायचं तं पदर डोक्यावरून घेऊन तोंडापाशी दातात धरायचा. मी धरला, अन् तिथंच घात झाला. पदर नसता तं वाकडं तोंड साऱ्यायले दिसलं असतं, कोणीतरी विचारलं असतं का बाईले काय झालं. पण दिसत होते फक्त दोन डोळे, अन् त्यातला डावा काही केल्या मिटत नव्हता. माणूस पापणी तं हालवतेच. मी हालवली का उजवा मिटे, अन् डावा टकटक नत्थूजीकडं पाहे. बशी देली, डोळा. पाणी देलं, डोळा. आणखी घ्या म्हटलं, डोळा. ते बिचारे देवमाणूस, आधी खाली पाहत होते, मंग त्यायनं खुर्ची सरकवली, मंग खिडकीकडं तोंड करून पोहे खाल्ले. मले वाटलं पोहे तिखट झाले, म्हणून मी साखर घेऊन पुन्हा त्यायच्यासमोर जाऊन उभी राह्यली. तवा आनंदाबाई उठल्या.

पाहुणे गेल्यावर कोकिळाच्या बापानं मले जे ऐकवलं ते लिहत नाई. पण ऐकता ऐकता माह्या तोंडावरचा पदर सुटला, अन् हे बोलता बोलता थांबले. कोकिळानं आरसा आणला. अर्धं तोंड कानाकडं ओढलेलं, अर्धं खाली पडलेलं. मले एकदम माही सासू आठवली. लकव्यानं ती पाच वर्षं खाटीवर होती अन् तिचं सारं मीच केलतं. आता माह्यं सारं कोकिळाच्या नशिबी, हे मनात आलं अन् मी खूप रडली. शेजारचे डोमाजी म्हणे तोंडावरून वारं गेलं, अन् ते उतरवाले लसूण वाटून लावून गेले, त्यानं गाल तेवढा भाजला.

दुसऱ्या दिवशी मी, हे अन् कोकिळा एसटीनं वर्धेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, दोन दिवस तिथंच होतो. तिथं मोठ्या डॉक्टरनं दहाबारा शिकाऊ डॉक्टर माह्याभोवती उभे केले अन् सांगितलं, डोक्यातून नसांच्या बारा जोड्या निघतात, या बाईच्या साऱ्या तपासा. पहिलीसाठी नाकाशी लवंगेचं तेल धरलं. दुसरीसाठी भिंतीवरची अक्षरं वाचाले लावली (मी भरभर वाचली, सातवी पास आहे हे त्यायले कळावं म्हणून). मंग डोळ्यासमोर बोट फिरवलं, त्यात तीन नसा एकदम उरकल्या. गालावर कापूस फिरवून दात आवळाले लावले, ती पाचवी. कानाशी एक लोखंडी चिमटा वाजवला, घसा उघडून 'आ' कराले लावलं, खांदे उडवाले लावले, अन् शेवटी म्हणे जीभ बाहेर काढा. परक्या बारा माणसांसमोर, बाजूले हे उभे, अन् मी जीभ काढून बसली. जन्मात यायच्यासमोर काढली नव्हती (बरं वाटलं).

राह्यली सातवी. दात दाखवा, गाल फुगवा, कपाळाला आठी घाला, डोळे घट्ट मिटा. मी मिटले, अन् तो डोळा मोठ्या डॉक्टरले बसला. ते हसले. म्हणाले, "बाई, हा लकवा नाही. लकव्यात कपाळाला आठी पडते, तुमच्या डाव्या बाजूला पडत नाही, म्हणजे मेंदू धडधाकट आहे, नुसती चेहऱ्याची नस सुजली आहे. दीडएक महिन्यात उतरेल." भाऊ, हे तिथंच पायरीवर बसले अन् यायनं टोपीनं डोळे पुसले. वीस वर्षाच्या संसारात मी ते पहिल्यांदा पाह्यलं.

सोबत डॉक्टरची चिठ्ठी आहे. ती घेऊन नत्थूजीकडं जाजा, दोघायले समजावून सांगजा, माह्या वतीनं माफी मांगजा अन् सोयरीक पुन्हा जुळवजा, अशी यायची अन् माही विनंती.

तुमची बहीण
देवका

ता.क. यायनं पत्र वाचलं, पसंत केलं, अन् पाकिटाले डिंक मांगाले शेजारी गेले. तवा आता खरं लिहते. चिठ्ठी चुलीत टाकजा. नत्थूजी चांगले आहेत, पोरगाही चांगला असन, पण कोकिळाले आत्ता लग्नच नको. दिवाळीत तिनं मले सांगितलं, अन् मी भित्री, यायले बोलली नाई. दवाखान्यात दोन दिवसांत तिनं बाराही नसा पाठ केल्या. एका शिकाऊ डॉक्टरले नववी आठवेना, तं हिनं मागून सांगितली. तिथल्या नर्सबाईनं तिले नर्सिंगच्या शाळेचा फारम देला, दाहावीवर घेतात. त्यावर बापाची सही लागते, अन् हे तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाईत. महिना सरायच्या आत येजा.

आणखी ता.क. डोळा सोमवारपासून बरोबर मिटाले लागला. पण हे समोर आले का मी डावा ताणून उघडा धरते. पाहुण्यायले पुन्हा बोलवाचा निरोप हिंगणघाटले धाडाचा म्हणून हे रोज विचारतात, मिटला का? मी म्हणते, अजून नाई. फारमावर सही होईपर्यंत तो मिटत नाई.