दोन पाण्यांची मासोळी

सर, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी त्या एका सकाळचा माझा राग गेलेला नाही. मेलेल्या माणसावर किती चिडायचं, असं माझी मुलगी म्हणते. तिला काय सांगू? तिच्या लेखी ते बोटभर मासे आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, माझं एमएस्सीचं दुसरं वर्ष. हिवाळाभर मी एसटीनं हिंडतेय. वर डोंगरातल्या खडकाळ धारेतून एक बरणी मासे, आणि तेच पाणी खाली कुही गावाकडे पसरून संथ होतं तिथल्या डोहातून दुसरी. दोन्हीकडे तोंडानं दगडाला चिकटून राहणारी तीच मासोळी. जाळं टाकणारा म्हातारा ढिवर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बाई, वरची मासोळी वेगळी हाये. पाण्याच्या जोरानं तिचं अंग बारीक झालं." मला वाटत होतं, उलट आहे. पाणी कोणाला बारीक करत नाही. जाड अंगाची, ढिल्या तोंडाची होती ती पिढ्यान्‌पिढ्या वाहून गेली, चिकटून राहिली त्यांचीच पिल्लं उरली. खाली डोहात ती सक्ती नाही, म्हणून तिथे अंग भरलं. एका नदीत एकाच मासोळीच्या दोन वाटा फुटताहेत, आणि ते मला मोजून दाखवायचं होतं. मी मोजायला बसलेही होते, पण तुम्ही अडवलंत. "आधी सगळं जमव, मग सगळं एका दमात मोज." ऐकलं तुमचं.

मग विद्यापीठाची तपासणी समिती येणार म्हणून तुम्ही प्रयोगशाळा आवरायला घेतलीत. एका जातीची एक बरणी, असा तुमचा नेम. मी सकाळी येऊन बघते तर माझ्या दोन बरण्यांची एक झालेली, आणि आत तुमच्या सुबक अक्षरातली एकच चिठ्ठी. दुसरी बरणी धुऊन उपडी घातलेली. तुम्ही म्हणालात, "तोंड काहून पाडून राहिली वं? एकच जात तर होय. वरचे जरा उपाशी असतीन."

उपाशी! सर, तुम्ही आम्हाला खवले मोजायला शिकवलंत, स्वतःचं भिंग मला देऊन टाकलंत, आणि तुमच्या डोक्यात मासा म्हणजे फळीवरची जागा. तो कुठल्या पाण्यातला, हे तुम्ही नळाखाली धुऊन टाकलंत. मैत्रीण म्हणाली, बारीक-जाड बघून पुन्हा वेगळे कर. मी तिला म्हटलं, अगं, जो फरक सिद्ध करायचा, त्याच फरकावरून वाटणी कशी करू? तीन दिवस मी त्या बरणीसमोर नुसती बसून होते. शेवटी तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळे एकच धरून मोजले, सरासरी काढली, आणि पहिला वर्ग मिळवला. तुम्ही सगळ्या विभागाला संत्रा बर्फी वाटलीत. मी माझा तुकडा खाल्ला नाही, हे तुमच्या लक्षातही आलं नाही.

पुढे वर धरण झालं. धार बुडाली, खडक बुडाले, खडकांवरची मासोळी कुठे गेली कोणास ठाऊक. आता मासेवालीच्या पाटीवरही तो मासा आला तर डोहातलाच येतो. चाळीस वर्षं मी वर्गात हे सांगत आले, की एका माणसाच्या टापटिपीपायी एक पुरावा कायमचा गेला. नाव घेत नव्हते, पण जुन्या विद्यार्थ्यांना कळायचं. मला बरं वाटायचं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, टाकणार तरी कुठे. पण एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. बरण्या एक झाल्या, त्यानंतर धरणाचे दरवाजे पडायला अजून दोन हिवाळे होते. एसटी पार धारेजवळच्या गावापर्यंत जायची. त्या म्हाताऱ्या ढिवरानं निरोपही धाडला होता, "बाईले सांगा, मासोळी अजून हाये." मी गेले नाही, सर. मला तुमच्यावर चिडायचं होतं.