लुडबुड कशाला म्हणतात

ती. मावशीस,

तुझ्या उनाड भाच्याचा, कान तुझ्या हाती लागणार नाही इतक्या अंतरावरून, साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? उत्तराला चार महिने लागले, कारण उद्या लिहू म्हणत होतो आणि उद्या रोजच येत होता.

तू विचारलं होतंस, "लुडबुड म्हणजे काय हे तरी कळतं का रे तुला?" शाळा मी लवकर सोडली (शाळेचं म्हणणं वेगळं आहे), पण या शब्दाचा माझा अभ्यास दांडगा आहे. न बोलावता दुसऱ्याने केली की लुडबुड, आपण केली की मदत. आता वापर सांगतो.

सध्या मी फोटोंना चौकटी बसवणाऱ्या दुकानात आहे, राहतो वरच्या माळ्यावर. (आधी बेकरीत होतो. त्यात चूक भट्टीची होती.) मालकांचा नियम एकच: गिऱ्हाईक देईल ते काचेमागे घालायचं, चेहऱ्यांत शिरायचं नाही. गेल्या आठवड्यात एक मुख्याध्यापिकाबाई स्वतःचा फोटो देऊन गेल्या. अर्धा कात्रीने कापलेला, खांद्यावर कुणाचा तरी नुसता हात उरलेला. दुसरा अर्धा त्याच पाकिटात! टाकायचाच होता तर जपला कशाला, तूच सांग. तो हात निघाला बाईंच्या धाकट्या बहिणीचा; समोरच्या चहावाल्याने चेहरा ओळखला. मी तुकडे जोडले, मागे पुठ्ठा लावला, झकास चौकट केली. इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण बहिणीचं शिवणाचं दुकान पलीकडच्याच गल्लीत आहे असंही चहावाल्यानेच सांगितलं, आणि चौकट मी थेट तिकडेच पोचवली.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात हजर. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं: मी गाढव आहे.

"हा कोण टिकोजी आमच्यात पडणारा?" थोरली.

"अगदी बरोबर बोललीस, ताई," धाकटी.

तासभर मला आळीपाळीने झापून दोघी एका छत्रीतून गेल्या. चौकट घेऊन. मालकांनी कौतुक म्हणून मला शनिवारी माळा रिकामा करायला सांगितलंय.

तुझा,
निरपराध भाचा

ता.क. शनिवारपासून तुझ्याकडे राहीन म्हणतो. कपाटांना हात लावणार नाही.

ता.क. दुसरा. मामाचं नाव काढायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून काढत नाही. तुझ्या धाकट्या भावाला मात्र तुझ्या वतीने चार ओळी टाकल्या होत्या. झालं गेलं विसर, ये, वगैरे.

ता.क. तिसरा. मला वाटलं होतं तो उत्तर देईल. तो स्वतःच इथे माझ्याकडे आलाय! हातात पिशवी, आणि सारखं एकच, "ताईने खरंच बोलावलंय ना रे?" मी हो म्हणून बसलोय. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतोय. तू हे वाचते आहेस म्हणजे तो दारात उभा आहे. त्याला आत घे. नाही घेतलंस तर ती मात्र आमच्या दोघांच्या कामात तुझी लुडबुड ठरेल.